पेट्रोलवर मिसिंग, गॅसवर ठीक: २०१३ च्या वॅगन आरच्या इंजेक्टरच्या नोंदी

गाडी: वॅगन आर, २०१३, के१०बी इंजिन, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. ओडोमीटर २,३४,६०० किमी. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारं) सीएनजी किट. रोजचा वापर पिंपरी ते पुणे शहर, जवळजवळ सगळा गॅसवर.

१२ जुलै २०२५

तक्रार अशी: सकाळी सेल्फ सहा-सात सेकंद मारावा लागतो. गाडी सुरू झाली की मिनिटभर थरथरते, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. गॅसवर पडली की एकदम सरळ. गॅस संपला आणि पेट्रोलवर चढ लागला की झटके मारते, पिकअप नाही. मालकाला आधी दोन ठिकाणी तिन्ही इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा मारणारे भाग) बदलायला सांगितलंय.

स्कॅनरवर दोन कोड: पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, आणि पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

सीएनजीच्या गाडीत एक सोय असते, ती आधी वापरायची. इंजिन तेच, प्लग तेच, कॉइल तेच, फक्त इंधन बदलतं. गॅस पेटवायला प्लगला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कॉइल किंवा प्लग कमजोर असेल तर गाडी आधी गॅसवर बोंबलते. ही गॅसवर चढालाही गुळगुळीत चालते. म्हणजे इग्निशन, कॉम्प्रेशन आणि टायमिंग यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. राहिलं ते पेट्रोलचं: टाकीतलं इंधन, पंप आणि प्रेशर, इंजेक्टरपर्यंतची वायर, आणि सगळ्यात शेवटी इंजेक्टर. तपासायचं याच क्रमाने.

गरम इंजिन, पेट्रोलवर, फ्यूएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती टक्के वाढवतंय तो आकडा; शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचा, लाँग टर्म म्हणजे शिकून साठवलेला):
आयडलिंगला लाँग टर्म +१२, शॉर्ट टर्म +४.
२,५०० आरपीएमला लाँग टर्म +१८, शॉर्ट टर्म +५.

आयडलिंगपेक्षा वरच्या आरपीएमला ट्रिम जास्त आहे, म्हणजे मागणी वाढली की पेट्रोल कमी पडतंय. या इंजिनात हवा मॅप सेन्सरवरून, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावरून मोजली जाते. मॅनिफोल्डला सगळ्यांसाठी गळती असेल तर सेन्सरला ती दिसते आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतं, त्यामुळे आयडलिंग चढतं, ट्रिम फारसं हलत नाही. इथे आयडलिंग चढलेलं नाही. पण एक जागा तरीही पाहावीच लागते. किट बसवताना मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीला भोक पाडून गॅसचं नोझल बसवतात. एकाच नोझलच्या आट्यांतून हवा ओढली गेली तर तेवढाच सिलिंडर पातळ होतो आणि पी०३०३ सारखाच कोड येतो. तिन्ही नोझलच्या बुडाशी पाण्याचा बारीक फवारा मारून पाहिला, इंजिनच्या आवाजात फरक नाही. नोझल बाद.

ट्रिमचा आकडा पाहून थेट इंजेक्टरवर बोट ठेवू नये, याची दोन कारणं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर तिन्ही सिलिंडरचा धूर एकत्र वाचतो, कोणता सिलिंडर उपाशी आहे ते तो सांगत नाही. आणि मिसिंग करणारा सिलिंडर न जळलेला ऑक्सिजन बाहेर टाकतो, तो सेन्सरला पातळ मिश्रणासारखाच दिसतो. मग ईसीयू सगळ्यांनाच जास्त पेट्रोल देतं. रोग एकाला, औषध तिघांना.

१३ जुलै

टाकीतल्या पेट्रोलची तपासणी. या गाडीची टाकी ३५ लिटरची, पण त्यात पाच-सहा लिटरच्या वर पेट्रोल कधी नसतं आणि तेही आठवडेच्या आठवडे पडून असतं. गॅसवर गाडी चालवणारे बहुतेक जण असंच करतात. जुनं पेट्रोल घट्ट होत जातं, त्याची लाखेसारखी पुटी इंजेक्टरच्या टोकाला बसते. गॅसवर चालताना पेट्रोल इंजेक्टर बंद असतो, पण टोक गरमच असतं आणि त्याला थंड करायला पेट्रोल वाहत नसतं. पुटी तिथेच भाजली जाते.

इथेनॉलचं प्रमाण काढलं: १०० मिलीच्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, झाकण लावून जोरात हलवून पंधरा मिनिटं स्थिर ठेवलं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. खालचा थर २७ मिलीवर आला, म्हणजे सुमारे १७ मिली इथेनॉल, साधारण १९ टक्के. पाणी घालण्याआधी नमुना स्वच्छ होता, तळाशी वेगळा थर नाही. टाकीत पाणी शिरलेलं नाही.

हा आकडा पुढे लागणार. ई१० वरून (१० टक्के इथेनॉल) ई२० वर (२० टक्के) गेल्यावर त्याच हवेला साधारण ३ ते ४ टक्के जास्त इंधन लागतं. जुनी गाडी ई२० वर +४ किंवा +५ ट्रिम दाखवत असेल तर तो बिघाड नाही. आजकाल तेवढा आकडा पाहून इंजेक्टर क्लीनिंगचं बिल फाडलं जातं, ते चूक आहे. पण +१८ आणि वर मिसिंग, हे इथेनॉलने होत नाही.

जुनं पेट्रोल काढून १० लिटर ताजं भरलं. ट्रिम रीसेट. आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवायला सांगितलं.

१९ जुलै

ताज्या पेट्रोलने वास थोडा कमी, बाकी सगळं तसंच. लाँग टर्म परत +१७.

प्लग काढून पाहिले. गॅसवर चालणाऱ्या गाडीचे प्लग पाहून काही कळत नाही, गॅस ते पुसून स्वच्छ करतो. म्हणूनच आधी आठवडाभर पेट्रोल. एक नंबर काळा, काजळी धरलेला. दोन नंबर विटकरी. तीन नंबर पांढुरका. एक जास्त खातोय, तीन उपाशी. एकाच गाडीत दोन उलटे दोष आहेत आणि ट्रिमला फक्त त्यांची सरासरी दिसतेय.

मग प्रेशर. सीएनजी सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व बंद, पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ३ बारच्या आसपास दाब असतो, तसाच कपलर उघडला तर पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर उडतं. अग्निशामक हाताशी ठेवूनच हे काम.

टाकीकडून येणारी लाइन आणि रेल यांच्यामध्ये गेज बसवला. गेजच्या टाकीकडच्या बाजूला बंद करता येणारा व्हॉल्व, हे महत्त्वाचं.

चावी ऑन, पंप चालू: ३.० बार.
आयडलिंग: २.९.
झटकन ॲक्सिलरेटर दाबल्यावर: २.९, काटा ढळला नाही.
पंप बंद करून ५ मिनिटांनी: १.२.

चालताना प्रेशर भरपूर, पंप चांगला. तळाशी पेट्रोल ठेवून चालवलेल्या गाड्यांत पंपच आधी मरतो, कारण तो पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. हा वाचला. पण बंद केल्यावर दाब टिकत नाही. पाच मिनिटांनी निदान २ बार तरी राहायला हवा.

दाब कुठून जातो ते पाहायला पंप परत चालवून ३ बार केला आणि लगेच गेजचा व्हॉल्व बंद केला. आता पंपाचा चेक व्हॉल्व (पेट्रोल टाकीत परत जाऊ न देणारा) रेलपासून तुटला. काटा तरीही तसाच खाली आला, १.३. म्हणजे गळती रेलच्या बाजूला. बाहेरून ओ-रिंग कोरड्या, मॅनिफोल्डवर ओल नाही. पेट्रोल इंजेक्टरमधून आत झिरपतंय. काळ्या प्लगमुळे बोट एक नंबरकडे. सकाळच्या लांब सेल्फचंही कारण सापडलं: रात्रभरात रेल रिकामी होते आणि तेच पेट्रोल सिलिंडरमध्ये साचतं.

२० जुलै

विजेची बाजू. सीएनजीच्या गाडीत हे टाळलं की माणूस हमखास फसतो.

सिक्वेन्शियल किटमध्ये प्रत्येक पेट्रोल इंजेक्टरची सिग्नल वायर कापून ती गॅसच्या ईसीयूमधून फिरवलेली असते. गॅसवर असताना ते पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवतं आणि मूळ ईसीयूला खोटा लोड दाखवतं. पेट्रोलवर असताना करंट त्याच वाटेने परत जातो. त्या वाटेवर एक जोड सडका असला तरी इंजेक्टरला कमी व्होल्टेज मिळतं. कमी व्होल्टेजवर इंजेक्टरमधली सुई उशिरा उठते. ईसीयू ४ मिलिसेकंद उघडा ठेवतं, पण प्रत्यक्ष पेट्रोल त्याहून कमी वेळ वाहतं. बाहेरून पाहणाऱ्याला तो इंजेक्टर चोक झाल्यासारखाच वाटतो.

इंजेक्टरच्या आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स: १२.१, १२.०, १२.३ ओहम. तिन्ही ठीक. याचा अर्थ एवढाच की कॉइल तुटलेली नाही, पेट्रोल किती पडतं याच्याशी त्याचा संबंध नाही. टेस्ट लॅम्प तिन्ही कपलरला लुकलुकला. लॅम्पला करंट कमी लागतो, त्यामुळे सडका जोडही लॅम्पवर पास होतो. म्हणून स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला. इंजेक्टर उघडा असताना सिग्नल पिनवरचं व्होल्टेज जवळजवळ शून्यावर यायला हवं.

एक: ०.७ व्होल्ट. दोन: ०.७. तीन: १.९.

हार्नेसची टेप सोडवली. तिसऱ्या वायरचा जोड नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला, तांबं हिरवं पडलेलं. तो बॅटरीच्या बाजूला आहे आणि पावसाळ्यात चाकाचं पाणी थेट तिथे उडतं. नुसता हिरवा थर घासून चालत नाही, वायरच्या आत इंच-दीड इंच काळेपणा गेलेला असतो. तेवढा भाग कापून नवा तुकडा घातला, सोल्डर केलं, आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवली. बाकीच्या दोन जोडांनाही तेच केलं. आता ०.७, ०.७, ०.८. किटचा बायपास प्लग (गॅसचं ईसीयू वगळून वायर सरळ जोडणारा) लावूनही पाहिला, आकडे तेच. गॅसचं ईसीयू निर्दोष.

चालवून पाहिलं: आयडलिंगची थरथर कमी झाली, चढावर मिसिंग आहेच. जोड हा दोषाचा एक भाग होता, पूर्ण दोष नव्हे.

२६ जुलै

बॅलन्स टेस्ट, म्हणजे तिन्ही इंजेक्टर सारखं पेट्रोल सोडतात का ते. गेज तोच. इंजेक्टरचा कपलर काढून पल्स टेस्टर (इंजेक्टर ठरावीक वेळ, मोजून उघडणारं यंत्र) थेट लावला, त्यामुळे गाडीची वायरिंग या चाचणीतून पूर्ण बाहेर. पंपाने ३.० बार करायचं, पंप बंद, ५ मिलिसेकंदांचे १०० पल्स द्यायचे, दाब किती पडला ते लिहायचं. पुढच्या इंजेक्टरआधी परत ३.० बार. एक नंबर आपोआप गळतोय, म्हणून पंप बंद केल्याबरोबर पल्स दिले, मध्ये वेळ घालवला नाही.

एक: ०.५२ बार. दोन: ०.५०. तीन: ०.३१.

सरासरीपासून ०.१ बारच्या पुढे गेलेला इंजेक्टर दोषी धरावा. तीन चोक आहे, यात आता शंका नाही.

ही चाचणी करताना सोडलेलं पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं. त्याच इंजेक्टरवर लागोपाठ चाचण्या करू नयेत. प्रत्येक फेरीनंतर इंजिन चालवून पेट्रोल जाळून टाकावं, नाहीतर ते रिंगांतून ऑइलमध्ये उतरतं. आणि इंजेक्टरला बॅटरीची वायर धरून उघडा ठेवण्याचा प्रकार अजिबात नको: कॉइल जळते आणि सिलिंडर भरतो.

टेस्टर नसेल तर दोन आणि तीन नंबरचे इंजेक्टर अदलाबदल करून कोड पी०३०२ होतो का ते पाहावं. कोड इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर, जागेवरच राहिला तर वायरिंग किंवा सिलिंडर.

२ ऑगस्ट

रेल उतरवली. बोल्ट काढण्याआधी इंजेक्टरच्या भोवतीची धूळ हवेने उडवली आणि ब्रशने पुसली. ती थेट इनटेकमध्ये पडते. इंजेक्टर निघाल्यावर मॅनिफोल्डची भोकं स्वच्छ कापडाने बंद केली.

इंजेक्टरच्या वरच्या तोंडात अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान जाळीची टोपली असते. तिच्यात बारीक स्क्रू फिरवून ती सरळ वर ओढली. एक आणि दोनच्या टोपल्या तपकिरी, पण उजेडाला धरल्यावर आरपार दिसतं. तीनची टोपली अर्ध्यापर्यंत काळ्या कणांनी भरलेली. कण पांढऱ्या कागदावर घेऊन नखाने घासले: काळी रेघ उमटली, म्हणजे रबर. चमकले असते तर पंपाचा धातू, विटकरी असते तर गंज. तिसऱ्याची वरची ओ-रिंग पाहिली तर एका बाजूने तासलेली. आधी कधीतरी रेल काढली गेली आहे आणि ओ-रिंग कोरडीच दाबून बसवली आहे. रेलच्या कडेने तिची साल निघाली आणि ती थेट टोपलीत गेली.

त्यामुळे फक्त टाकीत ओतायच्या क्लीनरने ही गाडी कधीच सुधारली नसती. क्लीनर लाखेची पुटी थोडीफार विरघळवतो, रबराचे कण नाही, आणि गळणारी सीट (सुई बंद होताना टेकते ती जागा) तर नाहीच. हलकं चोकिंग असेल तर क्लीनर एकदा वापरून पाहायला हरकत नाही, पण प्रेशर टिकत नसेल तर तो खर्च वाया.

३ ऑगस्ट

इंजेक्टर बेंचवर (काढलेले इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर), ३ बारला. १५ सेकंद पूर्ण उघडा ठेवून पडलेलं द्रव, आणि ३ मिलिसेकंदांचे २,००० पल्स देऊन पडलेलं.

साफ करण्याआधी:
एक: ४६ मिली, १२.४ मिली.
दोन: ४७, १२.१.
तीन: ३१, ७.४.

नुसती पहिली चाचणी करून इंजेक्टर पास करू नयेत. सुई अडखळत असेल तर पूर्ण उघडी ठेवल्यावर ती भरपूर द्रव सोडते आणि छोट्या पल्सला उपाशी ठेवते. गाडी आयुष्यभर छोट्या पल्सवरच चालते.

फवाऱ्याचा आकारही पाहिला. दोनचा बारीक धुक्यासारखा, तीनची एकच सरळ धार. बंद ठेवून ३ बारला एक मिनिट: दोन आणि तीन कोरडे, एकच्या टोकाला चार थेंब. मिनिटाला एका थेंबाच्या आत हवं.

टोपल्या काढूनच अल्ट्रासॉनिक बाथ (ध्वनिलहरींनी साफ करणारं द्रवाचं भांडं), पल्स चालू ठेवून, २० मिनिटं, मग उलट दिशेने फ्लश. टोपली आत ठेवून साफ केलं तर सुटलेला कचरा तिच्यातच अडकतो.

साफ केल्यानंतर:
एक: ४७, १२.५, थेंब अजून तीन.
दोन: ४७, १२.२.
तीन: ४५, ११.८, फवारा मोकळा.

तीन वाचला. दोनपेक्षा सव्वातीन ते सव्वाचार टक्क्यांनी कमी आहे, पाच टक्क्यांच्या आतला फरक चालतो. एकची सीट झिजलेली आहे, तिला साफसफाईचा उपयोग नाही, तो बदलायचा. तिन्ही बदलायची गरज नाही.

९ ऑगस्ट

एक नंबरचा नवा इंजेक्टर, जुन्याच्या अंगावरचा पार्ट नंबर जुळवून घेतला. बसवण्याआधी तोही बेंचवर: ४७ मिली, १२.२ मिली, थेंब नाही. नव्या डब्यातला भाग न मोजता बसवू नये, बाजारात हुबेहूब दिसणारा नकली मालही असतो.

नव्या टोपल्या तीन. ओ-रिंग वरच्या-खालच्या सहा, सगळ्या व्हायटॉन रबराच्या. साध्या नायट्राइल रबराची ई२० मध्ये फुगते आणि मग कडक होऊन चिरते. प्रत्येक ओ-रिंगला इंजिन ऑइलचा एक थेंब, ग्रीस नाही, सिलिकॉन तर मुळीच नाही. इंजेक्टर आधी रेलमध्ये, थोडा फिरवत दाबला. मग रेल सरळ खाली. बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळले, टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. शेवटी प्रत्येक इंजेक्टर बोटाने फिरवून पाहिला. सहज फिरला तर ओ-रिंग नीट बसलेली आहे, अडला तर ती दुमडली.

चावी तीनदा ऑन-ऑफ, इंजिन न चालवता प्रेशर. पाच मिनिटांनी २.७ बार. बाहेर ओल नाही. मगच सेल्फ.

१६ ऑगस्ट

ट्रिम रीसेट करून फक्त पेट्रोलवर चालवल्यावर: आयडलिंगला लाँग टर्म +४, २,५०० ला +५. कोड नाही. हे +५ इथेनॉलचंच, त्याच्या मागे लागायचं नाही. सकाळी सेल्फ एका सेकंदात.

आता गॅस. इथे बरेच जण गाडी परत देऊन टाकतात आणि महिन्याभरात ती पुन्हा येते. गॅसचं ईसीयू स्वतःहून काही ठरवत नाही. मूळ ईसीयू पेट्रोल इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायला सांगतं ते ते वाचतं आणि एका गुणकाने गॅसची वेळ काढतं. पेट्रोल इंजेक्टर चोक असताना २,५०० ला हा आकडा ४.० होता, आता ३.६ आहे. गुणक मात्र जुन्या आकड्यावर बसवलेला, त्यामुळे आता गॅस कमी पडणार.

तसंच दिसलं: गॅसवर टाकल्यावर थोड्या वेळात ट्रिम +१५ कडे चढलं. दोन्ही इंधनांसाठी लाँग टर्मची वही एकच. गॅसवर शिकलेला +१५ घेऊन गाडी पेट्रोलवर आली की मिश्रण दाट होतं, आणि माणूस पुन्हा इंजेक्टरकडे पाहतो.

गुणक लॅपटॉपवरून वाढवला. कसोटी सोपी: गरम इंजिन, २,५०० आरपीएम, पेट्रोलवरून गॅसवर आणि परत. पेट्रोलची मिलिसेकंद दोन्हीकडे सारखी राहिली पाहिजेत. आता पेट्रोलवर ३.६, गॅसवर ३.७. ट्रिम +५ आणि +७.

६ सप्टेंबर

२,३६,१०० किमी. पेट्रोलवर +५, गॅसवर +६. पाच मिनिटांनी प्रेशर २.७. हार्नेसचे जोड उघडून पाहिले, कोरडे.

मालकाला सांगितलेलं: टाकीत निदान १० लिटर पेट्रोल, आठवड्यातून एकदा २०–२५ किमी फक्त पेट्रोलवर, तेही इंजिन पूर्ण गरम असताना. पुढच्या सर्व्हिसला प्लग काढून तीन नंबर पाहायचा आणि प्रेशर परत मोजायचं.